चारशे अश्वशक्तीचा फॉर्म

मित्रांनो, रेक्स पेनहॉलच्या शेडमध्ये उजव्या हाताच्या फळीवर, रंगाचे डबे आणि मोडका पंखा यांच्या मधोमध जे गोल, काळपट, जड भांडे दिसते ना, तो मी. खरे तर मी भांडे नाही. मी टॉर्क कन्व्हर्टर आहे आणि आता म्हातारा झालो आहे. गेल्या वर्षी एका पाहुणीने माझ्यावर फुलझाडाची कुंडी ठेवायची कल्पना बोलून दाखवली. तेव्हा रेक्सची बायको ग्लेनिस हिने तिच्याकडे असे काही पाहिले की ती बाई चहा अर्धा टाकून अंगणात निघून गेली. त्या दिवसापासून माझ्या जवळपाससुद्धा कोणी कुंडी आणत नाही.

ज्या मोटारीत गिअर आपोआप पडतात, तिच्यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये मी बसतो. दोन खोलगट परातींची तोंडे एकमेकींना लावून कडेने वेल्ड करावे, तसा माझा आकार आहे. आत तेल भरलेले असते आणि तेलात दोन चक्रे समोरासमोर असतात. एकाला पंप म्हणतात, ते इंजिनाबरोबर फिरते. दुसरे टर्बाइन, ते गिअरबॉक्समार्फत चाकांना फिरवते. ही दोघे एकमेकांना कधीच शिवत नाहीत. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागेल. माझ्यात वाऱ्याच्या जागी तेल असते, एवढाच फरक. दोघांच्या मध्ये स्टेटर नावाचे एक लहान चक्रही असते. परत येणारे तेल ते नीट वळवून पंपाकडे धाडते, त्यामुळे गाडी जागची हलताना इंजिनाचा जोर वाढून चाकांपर्यंत पोहोचतो.

आता माझ्या अब्रूचा विषय. एका पायाने ब्रेक घट्ट धरा आणि दुसऱ्याने ॲक्सिलरेटर दाबा. चाके अडली, म्हणजे टर्बाइनही अडले. पंप मात्र तेलाचा मारा करतच राहतो. इंजिनाचे फेरे वाढत वाढत एका आकड्यावर येऊन थांबतात, त्यापुढे काही केल्या जात नाहीत. त्या आकड्याला स्टॉल स्पीड म्हणतात. साध्या घरच्या गाडीत तो मिनिटाला दीड-दोन हजार फेऱ्यांवर असतो. शर्यतीच्या इंजिनाला मात्र खालच्या फेऱ्यांत दम नसतो, वर गेल्यावरच ते जागे होते. म्हणून त्याच्यामागे जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर लावतात, म्हणजे गाडी सुटतानाच इंजिन ऐन जोरात असते. पण गरजेपेक्षा फार जास्त ठेवला, तर मी नुसता घसरत राहतो आणि माझे तेल तापून करपते.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, कारण माझी सगळी कहाणी तिच्यावरच उभी आहे. स्टॉलचा आकडा माझ्या एकट्याचा नसतो. दांडग्या इंजिनामागे मला लावा, मी वरचा आकडा दाखवीन. लेच्यापेच्या इंजिनामागे लावा, खालचा दाखवीन. मी तोच असतो आणि माझी पातीही तीच असतात. म्हणून मला बनवणाऱ्याला इंजिनाची खरी ताकद सांगावी लागते.

मला बनवले लाजोस बार्था यांनी, १९८७ साली, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या उत्तरेला असलेल्या त्यांच्या पत्र्याच्या गाळ्यात. लाजोस तरुणपणी हंगेरीहून जहाजाने आले होते. मी जन्मलो तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते आणि नुकतेच त्यांच्या उजव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. त्यांनी मला एका लहान मोटारीच्या जुन्या कन्व्हर्टरमधून घडवले. माझा घेर जितका लहान, तितका माझा स्टॉल वरचा. त्यांनी मला लेथवर कापून उघडले, एकेक पाते चिमट्याने वाकवले आणि पितळी मापाने त्याचा कोन तपासला. पाती जागच्या जागी पितळेने पक्की केली, परत जोडून वेल्ड केले, हवा भरून पाण्याच्या टबात बुडवले. एकही बुडबुडा आला नाही. मग त्यांनी माझ्या पाठीवर ‘एल. बी. ११४’ असा ठसा मारला आणि मला थोपटले. मित्रांनो, त्या थोपटण्याइतका मान मला पुढे कोणत्याही शर्यतीत मिळाला नाही.

लाजोस सगळी कामे एकपानी फॉर्मवर घेत. गाडीचे वजन, इंजिनाची अश्वशक्ती, मागच्या चाकांचे माप, अशा दहा-बारा ओळी आणि खाली सही. माझ्या फॉर्मवर लिहिले होते: वजन साडेतेराशे किलो, अश्वशक्ती चारशे, स्टॉल साडेतीन हजार हवा. सही होती रेक्स पेनहॉल, वेरिना गाव. लाजोसनी त्याच आकड्यांवर माझा हिशेब बांधला.

वेरिना हे गहू आणि बार्लीच्या शेतांमधले छोटे गाव. महायुद्धातली एक धावपट्टी तिथे पडून होती, तिच्यावर गावचा मोटार क्लब महिन्यातून एकदा शर्यती घेई. रेक्स ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. त्याची आठ सिलिंडरची होल्डन स्टेशन वॅगन होती आणि तिचे इंजिन त्याने स्वतःच्या हाताने बांधले होते. शर्यतीत ती ग्लेनिस चालवायची. ग्लेनिस शाळेची बस चालवते आणि तिचा पाय रोज सारखाच पडतो. या शर्यतीत त्याचेच महत्त्व असते. इथे प्रत्येकाने आपली गाडी पाव मैल किती सेकंदांत जाईल ते आधीच पांढऱ्या बूट पॉलिशने काचेवर लिहायचे. दोन-दोन गाड्या धावतात आणि हळू गाडीला तेवढे आधी सोडतात. लिहिलेल्यापेक्षा जोरात गेलात तरी बाद. थोडक्यात, काचेवर थाप मारायची सोय नाही.

फॉर्मवर मात्र ती सोय होती. फॉर्म कसा भरला गेला, ते मला पुढे ग्लेनिसच्या तोंडून कळले. शर्यतीच्या दिवशी, एका गाडीच्या मागच्या फळीवर कागद ठेवून, हातात पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली गरम करंजी, धरून रेक्सने तो भरला. भोवती क्लबातले सहा जण उभे होते. त्यांत कॉलिन होता. कॉलिन धान्याच्या कोठारावर वजनकाट्याचे काम करतो आणि बोलायला त्याला कोणी लागत नाही.

“लिही की! चारशे म्हणतोस ना नेहमी?” कॉलिन म्हणाला. “का आता कागद बघून घोडे पळाले?”

चार वर्षे रेक्स क्लबात चारशे सांगत आला होता. सहा जणांसमोर त्याला दुसरा आकडा लिहिता येईना. त्याने चारशे लिहिले आणि ते शोभावे म्हणून वजनही उतरवून टाकले.

मी वेरिनाला आलो आणि वॅगनमध्ये बसलो. पहिल्याच शर्यतीच्या सकाळी ग्लेनिसने ब्रेक धरून ॲक्सिलरेटर दाबला. फेऱ्यांचा काटा एकोणतीसशेवर गेला आणि तिथेच थांबला. मी माझ्याकडून काही बाकी ठेवले नव्हते. त्या इंजिनात जेवढे होते, तेवढे मी दाखवले.

कॉलिन खिडकीत वाकून बघत होता. “काय रे रेक्स, साडेतीन हजार म्हणाला होतास ना? ही तर एकोणतीसशेतच बसकण मारून बसली!”

सगळे हसले. रेक्सचा चेहरा लाल झाला. “मी काय करू? म्हाताऱ्याचा माल मऊ निघाला,” तो म्हणाला.

एवढेच वाक्य, पण ते क्लबभर झाले. पुढच्या महिन्यात ‘बार्थाचा माल मऊ’ हे जो तो म्हणत होता, ज्यांनी बार्थाचा माल कधी पाहिला नव्हता तेसुद्धा. तिघे जण लाजोसकडून कन्व्हर्टर करून घेणार होते, ते दुसरीकडे गेले. मला खूप राग आला. माझ्या आतले तेल रोज त्या इंजिनाची खरी ताकद जोखत होते आणि मला तोंड नव्हते.

रेक्सने मला खोक्यात घालून परत पाठवले. सोबत चिठ्ठी होती: ‘स्टॉल येत नाही. बघावे.’ लाजोसनी मला पुन्हा लेथवर चढवून उघडले. सगळी पाती मोजली. मग चष्मा पुसून पुन्हा मोजली. दिवसभर मोजली. त्यांची बायको इलोना जेवण घेऊन आली, तेव्हाही ते पितळी माप खिडकीच्या उजेडात धरून बसले होते.

“सापडलं काही?” तिने विचारले.

“काही नाही. सगळं माझ्या आकड्यांप्रमाणे आहे.”

“मग त्या माणसाने थाप मारली असेल. चारशे म्हणे! गावात प्रत्येकाकडे चारशेच असतात.”

“इलोना, त्याने लिहून सही केली आहे. मी गिऱ्हाइकाला खोटारडा म्हणायला निघालो, तर दुकान कशाला उघडलं?” त्यांनी माप डोळ्याजवळ नेले. “माप बरोबर असेल. पण ते वाचणारा डोळा?”

“डोळ्याचं काम डॉक्टरांनी चांगलं केलंय.”

“तू सुईत दोरा ओवून देतेस मला.”

इलोनाने ताट ठेवले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, तरी मला ते पाहवले नाही. माझ्यात दोष नव्हता. त्यांच्यातही नव्हता. तरी त्या माणसाचा आपल्या हातांवरचा विश्वास माझ्यामुळे उडत होता. त्यांनी मला पुन्हा वेल्ड केले. या खेपेस त्यांनी थोपटले नाही. खोक्यात माझ्यासोबत त्यांनी एक पत्र ठेवले.

ते पत्र ग्लेनिसने उघडले. ‘मला कन्व्हर्टरमध्ये चूक सापडली नाही,’ असे त्यात होते. ‘ती माझ्या डोळ्यांना दिसत नसेल. तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल क्षमा मागतो. या नाताळपासून मी काम बंद करत आहे, म्हणजे आणखी कोणाचे असे होणार नाही.’

“बघ, म्हाताऱ्याने कबूलच केलं,” रेक्स म्हणाला, पण पत्राकडे न बघता. त्याने मला परत वॅगनमध्ये बसवले. त्या दिवशी त्याच्या हातातून पाना दोनदा निसटला.

ग्लेनिसने पत्राची घडी घालून ते ठेवून दिले. मंगळवारी शाळेच्या मुलांना सोडून आल्यावर तिने वॅगन काढली आणि धान्याच्या कोठारावर नेली. तिथे गव्हाचे ट्रक तोलायचा मोठा काटा आहे. काट्यावर वॅगन उभी करून ती खाली उतरली.

“गहू कुठाय?” कॉलिनने खिडकीतून विचारले.

“गाडीच तोल.”

कॉलिनने तोलली. मग त्याने खिडकीतून डोके बाहेर काढले. “सोळाशे चाळीस! ग्लेनिस, रेक्सने साडेतेराशे लिहिलं होतं, माझ्यासमोर. उरलेलं काय, तुझी हँडबॅग?”

“चिठ्ठी दे.”

“बाप रे! हे क्लबात सांगितलं ना—”

“कॉलिन, तोंड उघडलंस तर उद्यापासून तुझी पोरं चालत शाळेत जातील. चिठ्ठी दे.”

कॉलिनने चिठ्ठी दिली. तो गप्प राहिला हे मला अजून खरे वाटत नाही, पण तो राहिला.

पेनहॉलांच्या घरात फोन मागच्या दाराशी आहे आणि वॅगन त्या दाराबाहेरच उभी असते. त्यामुळे ग्लेनिसचे बोलणे मी सगळे ऐकले. तिने लाजोसना गाडीचे वजन सांगितले, त्यात स्वतःचे साठ किलो न लाजता मिळवले. मग बिस्किटाच्या डब्यातून शर्यतीच्या जुन्या चिठ्ठ्या काढल्या आणि शेवटच्या रेषेवरचा वेग सांगितला, ताशी अठ्ठ्याण्णव मैल. एवढे वजन एवढ्या वेगाला न्यायला किती ताकद लागते, याचे गणित आहे. पलीकडे लाजोस ते करू लागले.

“दोनशे पंच्याहत्तर येतात?” ग्लेनिसने विचारले. “मग तुमच्या कन्व्हर्टरने किती दाखवायला हवं होतं?... एकोणतीसशे? मिस्टर बार्था, तो तेवढंच दाखवतोय. अगदी तेवढंच. पहिल्या दिवसापासून.”

पलीकडून काही आवाज आला. ग्लेनिसने डोळे पुसले. मग म्हणाली, “फॉर्म माझ्या नवऱ्याने भरला होता... नाही, तुम्ही म्हणता तरी हे आपल्यातच राहणार नाही. तुमचं नाव चारचौघांत गेलं, ते चारचौघांतच परत यायला हवं.”

संध्याकाळी रेक्स घरी आला. ग्लेनिसने वॅगनच्या बॉनेटवर वजनाची चिठ्ठी आणि तिच्या शेजारी लाजोसचे पत्र ठेवले. रेक्स दोन्ही वाचून उभाच राहिला.

“सगळेच थोडं वाढवून सांगतात गं,” तो शेवटी म्हणाला.

“सांगू देत. पण तुझं थोडं त्या माणसाच्या डोळ्यांवर गेलं.”

“दोन हिवाळे घातले मी या इंजिनात. दोनशे पंच्याहत्तर?” त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

“ते दोनशे पंच्याहत्तर खरे तरी आहेत.”

“आता क्लबात काय तोंड दाखवू?”

“हेच. दुसरं आहे का तुझ्याकडे?”

रेक्स त्या रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी जेवला, पण इंजिनाकडे फिरकला नाही. माझ्या मते त्याला इंजिनाचे जास्त दुःख झाले होते, आणि मला त्याची थोडी दयाही आली. रोज त्या इंजिनाला खेटून बसणारा मी होतो. ते चांगले इंजिन होते. त्याला उगीच दुसऱ्याचे कपडे घातले होते.

शर्यतीचा दिवस आला. सगळ्या गाड्या ओळीने लागल्या, जो तो पांढऱ्या पॉलिशने आपला आकडा लिहू लागला. रेक्सने पुढच्या काचेवर नेहमीचा वेळ लिहिला, चौदा पूर्णांक तीन. मग बाटली घेऊन तो वॅगनच्या मागे गेला. आमच्या वॅगनची मागची काच भली मोठी आहे. लिहायला त्याला वेळ लागला. तिच्यावर त्याने लिहिले: ‘इंजिन २७५. कन्व्हर्टर अचूक. खोटं मी लिहिलं, बार्थाने नाही. रेक्स पेनहॉल.’

तसेच लिहिलेले मिरवत ग्लेनिसने वॅगन सगळ्यांच्या समोरून धावपट्टीकडे नेली, मुंगीच्या पावलांनी. लोक पेस्टी खायचे थांबले. मी कान दिले, पण एकही टोमणा आला नाही. बऱ्याच वेळाने कॉलिनचाच आवाज आला. “च्यायला, मग माझ्या गाडीत तरी किती असतील रे?”

त्या दिवशी आम्ही दुसऱ्याच फेरीत हरलो. पण पुढच्या मंगळवारी धान्याच्या काट्यावर पाच मोटारी रांगेत उभ्या होत्या आणि कॉलिनची सर्वांत पुढे होती.

ग्लेनिसने त्या काचेचा फोटो काढून लाजोसना पाठवला. उलट टपाली एकच ओळ आली: ‘११४ नंबर परत पाठवा, आता त्याला खऱ्या आकड्यांवर बनवतो.’ तिसऱ्यांदा मी त्या लेथवर चढलो. तो फोटो त्यांच्या टेबलासमोर टाचलेला होता. लाजोसनी रेक्सचा साडेतीन हजारांचा आकडा सोडून दिला आणि त्या इंजिनाला, त्या वजनाला शोभेल असा एकतीसशेचा स्टॉल दिला. पाती वाकवताना ते काहीतरी गुणगुणत होते. इलोनाने आठवण करून दिली, तरी नाताळला दुकान बंद झाले नाही. पुढे चार वर्षे ते काम करत राहिले आणि थांबले, ते आपल्या मर्जीने.

मी मात्र पुष्कळ वर्षे धावलो. रेक्सने तेल थंड करायची एक जाळी बसवली, दर हंगामाला माझे तेल बदलले, म्हणून टिकलो. वॅगन गंजली तेव्हा त्यांनी मला काढून इथे ठेवले. आता माझ्यात तेल नाही. कडेला वेल्डिंगची शिवण तीनदा पडून जाड झाली आहे. पहिली शिवण मला बनवताना पडली आणि तिसरी सुधारताना. दुसरी पडायलाच नको होती, आणि थंडीच्या दिवसांत माझी तीच दुखते.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन अशी गाडी चालवाल, तेव्हा तिच्या तेलाचा रंग बघत जा. तांबडे असेल तर ठीक, काळे होऊन करपट वास आला तर लगेच बदला. ब्रेक धरून स्टॉल बघायचा असेल तर दोन-तीन सेकंदच बघा, मजा म्हणून धरून ठेवू नका. आणि ज्याच्याकडून काही बनवून घ्याल, त्याच्यापुढे आपले आहे तेवढेच सांगा. तो तुमच्या शब्दावर हातातले पाते वाकवत असतो.

माझ्या डोक्यावर, शेडच्या भिंतीला रेक्सने एक कागद चिकटवून ठेवला आहे. तो लाजोसचा नवा फॉर्म आहे, त्या वर्षीच छापून घेतलेला. सगळ्या ओळी जुन्याच आहेत. फक्त सहीच्या वर एक ओळ वाढवली आहे: ‘हा फॉर्म घरी बसून, एकट्याने भरावा. भरताना जवळ मित्र नसावेत.’